थोमाचे बोट

बर्लिनच्या संग्रहालय बेटाच्या उत्तर टोकाला, स्प्रे नदीचे दोन फाटे जिथे पुन्हा एकमेकांना मिळतात तिथे, बोडे संग्रहालयाची घुमटाची इमारत थेट पाण्यातून वर आल्यासारखी उभी आहे. नोव्हेंबरातल्या एका अंधारलेल्या दुपारी मी तिथे गेले होते, ते लाकडात कोरलेल्या मोठ्या मूर्ती पाहण्यासाठी. त्या पाहून झाल्या, आणि परतीच्या वाटेवर मंद उजेडातल्या एका काचेच्या पेटीपाशी माझे पाय थांबले. आत दोन अरुंद हस्तिदंती फलक शेजारी शेजारी उभे होते. प्रत्येकाची उंची वीतभराहून थोडी अधिक, रुंदी चार-पाच बोटे. एकावर मोशे वरून आलेल्या देवाच्या हातातून नियमशास्त्राच्या पाट्या घेत होता आणि दुसऱ्यावर येशूचा शिष्य थोमा पुनरुत्थित येशूच्या बरगडीजवळच्या जखमेला बोट लावत होता. हे फलक जर्मनीतल्या ट्रिअर नगरात इसवी सन 1000च्या सुमारास कोरले गेले असे अभ्यासक मानतात. त्या दुपारी मी पुढचे एकही दालन पाहिले नाही.

थोमा आपल्याकडे पाठ करून उभा आहे, हे प्रथम लक्षात येते. मध्ययुगातील कारागीर पवित्र व्यक्तींना सहसा समोरून दाखवतात, कारण भक्ताला त्यांचा चेहरा हवा असतो. इथे आपल्या वाट्याला येतात ती पाठ, पाठीवरून उतरणाऱ्या वस्त्राच्या चुण्या आणि इतकी मागे टाकलेली मान की पाहणाऱ्याच्या स्वतःच्या मानेला कळ यावी. येशू त्याच्याहून उंचावर उभा आहे. त्याने एक हात वर उचलून आपली कूस उघडी केली आहे आणि मान खाली झुकवली आहे. थोमा खालून वर ताणला गेला आहे, आणि एक वर चढणारा व एक खाली वाकणारा अशा त्या दोन देहांनी ती चिंचोळी चौकट इतकी भरून गेली आहे की तिसऱ्या कोणाला तिथे जागा उरत नाही. इतर शिष्य नाहीत, बंद दरवाजा नाही, घर नाही. कारागिराने सगळा प्रसंग एका बोटाच्या टोकापर्यंत आणून ठेवला आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात हा प्रसंग ज्यांनी वाचला आहे त्यांना ठाऊक असेल की थोमाची अट स्पष्ट होती. खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय आणि कुशीत हात घातल्याशिवाय, येशू मरणातून उठला यावर आपण विश्वास ठेवणार नाही, असे तो इतर शिष्यांना सांगतो. आठ दिवसांनी येशू पुन्हा येतो आणि त्याला म्हणतो की बोट इकडे कर, हात पुढे करून माझ्या कुशीत घाल. मराठी पवित्र शास्त्रातला हा ‘कुशीत’ शब्द मला फार मोलाचा वाटतो. कूस म्हणजे शरीराची बाजू, आणि कूस म्हणजे आईचे पोटही. मराठी वाचक तो शब्द वाचताना दोन्ही अर्थांच्या मधून जातो. पण त्यानंतर थोमाने खरोखर हात लावला की नाही, हे मूळ मजकुरात सांगितलेलेच नाही. तिथे एवढेच आहे की तो ‘माझा प्रभू, माझा देव’ असे उद्गारतो. कदाचित पाहताक्षणीच त्याची अट गळून पडली असेल. ट्रिअरच्या कारागिराने मात्र मजकुरातली ती मोकळी जागा स्वतःच्या निर्णयाने भरून काढली. त्याने थोमाचे बोट जखमेपर्यंत नेले. ज्याचे सगळे आयुष्य हाताने चाचपत, बोटाने अंदाज घेत गेले, अशा माणसाला स्पर्शावाचून खात्री पटू शकते हे खरे वाटले नसावे, असे मला वाटते.

आपल्या भाषेत ‘पाहणे’ ही क्रिया केवळ डोळ्यांची नाही. आपण चव घेऊन पाहतो, वास घेऊन पाहतो, विचारून पाहतो, करून पाहतो आणि हात लावून पाहतो. तापलेल्या मुलाच्या कपाळावर तळवा ठेवणारी आई अंग तापले आहे का ते ‘पाहते’. पेटीसमोर उभी असताना मला उमगले की थोमाला शतकानुशतके ‘संशयी’ हे जे विशेषण चिकटून राहिले आहे, ते मराठीत विचार करू लागले की थोडे सैल होते. त्याला फक्त नीट पाहायचे होते.

हे फलक कोणी कोरले, हे नावानिशी सांगता येत नाही. अभ्यासक त्याला ‘एख्टरनाखचा आचार्य’ म्हणतात, कारण त्याच हाताचे मानले जाणारे दुसरे काम एख्टरनाखच्या मठातील सुवर्णग्रंथाच्या, म्हणजे सोन्याच्या अक्षरांत लिहिलेल्या शुभवर्तमानग्रंथाच्या, वेष्टनावर आहे. एख्टरनाख आज लक्झेंबर्गमध्ये येते आणि ट्रिअरपासून जवळ आहे. तो ग्रंथ आता न्यूरेंबर्गच्या जर्मानिश राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि त्याचे वेष्टन आतल्या पानांहून जुने आहे. पाने अकराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकातली किंवा किंचित नंतरची, तर वेष्टन 985 ते 991च्या दरम्यानचे. त्यावर सोन्याच्या पत्र्यात उठवलेली सम्राज्ञी थेओफानू आणि तिचा अल्पवयीन मुलगा तिसरा ओटो दिसतात. थेओफानू बायझंटाइन घराण्यातून आलेली होती, 972 साली रोममध्ये तिचे सम्राट दुसऱ्या ओटोशी लग्न झाले आणि पतीच्या मृत्यूनंतर तिने मुलाच्या नावाने राज्य सांभाळले. त्या सगळ्या सोन्या-रत्नांच्या मधोमध हस्तिदंताचा फलक आहे, आणि त्यावर क्रुसावरचा येशू, भाला घेतलेला एक सैनिक, आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, भिजवलेला स्पंज उंचावणारा दुसरा, आणि क्रुसाच्या पायथ्याशी दबून बसलेली धरित्री. ती माणसे दरबारी नाहीत. रुंद चेहरे, जाड सांधे, श्रमाने वाकलेली अंगे. भोवतीच्या सोन्यातली राजघराण्याची माणसे ताठ आणि सडपातळ आहेत. मधल्या हस्तिदंतातल्या माणसांना वजन आहे, आणि ते वजन क्रुसाखालच्या धरित्रीच्या खांद्यांवर पडलेले दिसते.

दोन दूरच्या वस्तूंवरचा हात एकच आहे, हे ओळखण्याची विद्या ज्यांनी उभी केली त्यांच्यात अडॉल्फ गोल्डश्मिट यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. 1863 साली हॅम्बुर्गमधील ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या अभ्यासकाने संग्रहालये, चर्चचे खजिने आणि ग्रंथालये यांत विखुरलेले मध्ययुगीन हस्तिदंत एकेक करून तपासले, मोजले, त्यांची छायाचित्रे मिळवली आणि 1914 ते 1926 या काळात चार थोर खंडांत ते गटवार मांडले. चुणी कशी पडते, केसांची बट कशी वळते, डोळ्याची बाहुली टोचून दाखवली आहे की नुसती उठवली आहे, अशा खुणांवरून त्यांनी अनामिक कारागिरांची जणू घराणी लावली. पहिल्या महायुद्धाची चार वर्षेही त्याच काळात येऊन गेली, तरी हे काम पुरे झाले. बर्लिन विद्यापीठात मानाचे अध्यापक राहिलेल्या गोल्डश्मिट यांना 1939 साली, वयाच्या पंच्याहत्तरीनंतर, देश सोडून स्वित्झर्लंडमधील बाझेलला जावे लागले आणि 1944 साली तिथेच त्यांचे निधन झाले. जर्मन मध्ययुगाचे हे अनामिक हात ज्याने जर्मनीला ओळखून दिले, त्या माणसाला त्याच भूमीत म्हातारपण घालवू दिले गेले नाही. ही गोष्ट मला त्या पेटीतल्या फलकांपासून वेगळी काढता येत नाही.

आता त्या पदार्थाविषयी. हत्तीच्या सुळ्याला आपण सुळा म्हणतो, पण शरीररचनेच्या हिशेबाने तो वरच्या जबड्यातला पुढचा दात आहे, म्हणजे ज्याला आपण पटाशीचा दात म्हणतो तो. आणि तो कोरायचा तोही पटाशीने. सुळ्याचा मुळाकडचा भाग पोकळ असतो, कारण जिवंतपणी तिथे मज्जा असते, रक्त आणि नसा असतात. उरलेल्या भरीव भागातून करवतीने उभे काप काढले तर सपाट फळी मिळते, पण तिची रुंदी सुळ्याच्या जाडीइतकीच राहते आणि साधारण दहा-बारा सेंटिमीटरांच्या पलीकडे ती क्वचितच जाते. मध्ययुगीन हस्तिदंती फलक उंच आणि अरुंद का असतात, याचे साधे कारण इथे आहे. थोमा आणि येशू एकमेकांच्या इतके निकट आले आहेत ते भक्तीमुळे आणि कलेमुळे आले आहेतच, पण हत्तीच्या दाताने त्याहून जास्त जागा दिली नाही म्हणूनही आले आहेत.

लाकडाला जशी रेषा असते आणि तिच्या उलट कोरले की ते फाटते, तसे हस्तिदंताचे होत नाही. तो घट्ट, किंचित लवचिक आणि सर्व बाजूंनी पटाशीला सारखा दाद देणारा असतो. म्हणून चुण्यांच्या खालून पोखरून सावली तयार करता येते, बोटांच्या मधली फट दाखवता येते आणि शेवटी बारीक पूड लावून घासत घासत त्याला कातडीसारखी झळाळी आणता येते. त्याचे पांढरेपण संगमरवरासारखे थंड नसते. त्यात पिवळसर ऊब असते आणि माणसाच्या अंगावरच्या त्वचेशी तिचे नाते लगेच जाणवते. अनेक फलकांवर रंगाचे आणि सोन्याचे कण आजही सापडतात, म्हणजे आज आपण ज्याला शुद्ध शुभ्र म्हणून नावाजतो ते त्या काळी निदान काही ठिकाणी रंगवलेले होते. जखम दाखवायची तर ती एका जिवाच्या दातात कोरायची, यातला विलक्षणपणा त्या कारागिराला जाणवला असेल का, हे मी स्वतःला बराच वेळ विचारत राहिले.

हा दात येत होता कुठून? बहुतेक आफ्रिकेतून, भूमध्य समुद्राच्या व्यापारी वाटांनी. जर्मन भूमीवर जिवंत हत्ती मात्र एक आला होता. बगदादचा खलिफा हारून अल रशीद याने शार्लमेन सम्राटाला भेट पाठवलेला अबुल अब्बास नावाचा हत्ती 802 साली आखेनला पोचला आणि 810 साली मरण पावला. त्याच सुमारास आखेनच्या दरबाराशी निगडित कार्यशाळेत लोर्शच्या शुभवर्तमानग्रंथाची हस्तिदंती वेष्टने कोरली गेली. त्यांतले मरियेचे वेष्टन आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे आणि येशूचे व्हॅटिकनमध्ये. त्या हत्तीचा आणि या वेष्टनांचा संबंध जोडणारा पुरावा नाही, आणि जोडूही नये. पण दरबारात ज्यांनी तो प्रचंड प्राणी डोळ्यांनी पाहिला असेल, त्यांना हातातल्या फलकाकडे पाहताना त्याची आठवण झालीच नसेल असे मानणे मला कठीण जाते.

पुरवठा कधी आटत असे. तेव्हा जुने रोमन फलक तासून त्यांवर नवे प्रसंग कोरले गेले, किंवा त्यांची मागची कोरी बाजू वापरली गेली. पुढे बाराव्या शतकात कोलोनच्या कारागिरांनी उत्तर समुद्रांतून येणाऱ्या वॉलरसच्या सुळ्यांवर हात चालवला. तो सुळा हत्तीच्या मानाने बारीक आणि आतून ठिपकेदार गाभ्याचा असतो, त्यामुळे तुकडे जोडून काम भागवावे लागे. तेराव्या शतकात आफ्रिकेचा हस्तिदंत उत्तरेकडे पुन्हा मुबलक येऊ लागला, तेव्हा पॅरिस या कलेचे मोठे केंद्र झाले होते. त्या काळातल्या सुकुमार, हसऱ्या मरिया मला सुंदर वाटतात, पण त्यांच्यापुढे मी फार वेळ थांबत नाही.

मी थांबते ती मागडेबुर्गच्या फलकांपाशी. जर्मन राजा पहिल्या ओटोने 962 साली रोममध्ये सम्राटपदाचा मुकुट धारण केला आणि 968 साली आपल्या आवडत्या मागडेबुर्गला आर्चबिशपचे पीठ मिळवून दिले. त्या काळात तिथल्या कॅथेड्रलसाठी येशूच्या जीवनप्रसंगांचे हस्तिदंती फलक घडवून घेतले गेले. ते वेदीवर होते की व्याख्यानपीठावर, याबद्दल मतभेद आहेत, आणि ते इटलीत मिलानमध्ये कोरले असावेत असे पुष्कळ जण मानतात. म्हणजे ‘जर्मन’ हा शब्द इथे मालकीला लागू पडतो, कोरणाऱ्या हाताला कदाचित नाही. आज त्यांतले सोळा फलक उरले आहेत आणि ते न्यूयॉर्क, लंडन, लिव्हरपूल, पॅरिस, बर्लिन, म्युनिक आणि डार्मस्टाट अशा गावांत पांगले आहेत. प्रत्येक जेमतेम तळहाताएवढा आहे. आकृत्यांच्या मागची पार्श्वभूमी आरपार जाळीची आहे, आणि त्या जाळीमागे बहुधा सोन्याचा पत्रा असावा, म्हणजे मेणबत्तीच्या ज्योतीत मागचे सोने भोकाभोकांतून लुकलुकत असणार. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील फलकावर ओटो येशूला चर्चची लहानशी प्रतिकृती अर्पण करतो आहे आणि एक संत त्याला हाताने धरून पुढे आणतो आहे. युरोपातला सर्वांत बलाढ्य राजा तिथे सगळ्या आकृत्यांत लहान दाखवला आहे, शाळेच्या पहिल्या दिवशी मोठ्या माणसाने हात धरून वर्गात नेलेल्या मुलासारखा. 1207 साली आगीने जुने कॅथेड्रल नष्ट केले. हे तळहाताएवढे तुकडे मात्र राहिले.

कोलोनच्या श्न्यूटगेन संग्रहालयात एक फणी आहे, तिचाही उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ती नवव्या शतकातली, मेत्स नगरात कोरलेली, आणि कोलोनचा आर्चबिशप संत हेरिबर्ट याच्या नावाने ओळखली जाते. मिस्सा अर्पण करण्यापूर्वी धर्मगुरू केस विंचरत असे आणि तोही विधीचाच भाग होता. त्या फणीवर क्रुसावरचा येशू कोरलेला आहे. घरातल्या करंडा-फणीच्या संस्कारात वाढलेल्या मला, रोज केसांतून फिरणाऱ्या वस्तूवर मृत्यूचा असा प्रसंग पाहून आधी धक्का बसला, आणि मग वाटले की डोक्यातले विचार सरळ करण्याची ही रीत मला समजण्यासारखी आहे.

या वस्तू हाताळल्या जात होत्या, हे काचेच्या पेटीसमोर उभे राहून सतत आठवावे लागते. शुभवर्तमानाचा ग्रंथ मिरवणुकीने आणला जाई, उंचावला जाई, वाचून झाल्यावर त्याचे चुंबन घेतले जाई. दोन फलक बिजागरीने जोडण्याची पद्धत तर मुळात लिहिण्याच्या पाट्यांची. आतल्या बाजूला मेण भरून त्यावर टोकदार लेखणीने लिहायचे आणि मिटून ठेवायचे. पुढे चर्चमध्ये अशाच जोडफलकांत ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावे नोंदवली जाऊ लागली. म्हणून बर्लिनचे मोशे आणि थोमा पाहताना मला त्या दोन पाट्याच दिसतात. एका बाजूला पाटी हातात घेणारा मोशे, दुसऱ्या बाजूला देहालाच पाटीसारखे वाचणारा थोमा, आणि दोघांचीही मान वर.

ख्रिस्ती हस्तिदंत मी पहिल्यांदा पाहिला तो जुन्या गोव्यात, सांता मोनिकाच्या मठातल्या संग्रहालयात. पोर्तुगीज काळात गोव्यात स्थानिक कारागिरांनी हस्तिदंतात बाळयेशू घडवले, मेंढपाळाच्या रूपातले, गालावर हात टेकून डोळे मिटलेले, आणि त्यांच्या बैठकीची ती शांतता आपल्या ओळखीची वाटते. तोही हस्तिदंत बराचसा पूर्व आफ्रिकेतून येत असे. त्या वेळी माझ्या मनात फक्त कौतुक होते. आज कौतुकाबरोबर आणखी एक भावना येते, कारण या व्यापाराने हत्तींचे पुढे काय केले हे आपण जाणतो. 1989 साली आंतरराष्ट्रीय करारान्वये आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला आणि भारतातही या व्यापाराची दारे कायद्याने बंद झाली. ते योग्यच झाले. या कलेत आता नवे काही घडू नये असे मला मनापासून वाटते, आणि घडलेल्या प्रत्येक तुकड्याची फार जपणूक व्हावी असेही तितकेच वाटते. प्रत्येक फलकामागे एक जीव गेलेला आहे, आणि निदान त्याच्याकडे घाईने पाहू नये, एवढे आपल्या हातात आहे.

थोमा आपल्याला परका नाही. परंपरेनुसार तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात भारतात आला, आणि केरळातले ख्रिस्ती आजही त्याचे नाव लावतात. ‘थोमाची कृत्ये’ या प्राचीन सीरियाई ग्रंथात तो सुतार आणि गवंडी आहे. लाकडाचे नांगर आणि जू, दगडाचे खांब आणि महाल घडवणारा म्हणून एक व्यापारी त्याला भारतातल्या गोंडोफारेस राजाकडे घेऊन येतो. म्हणजे तोही हातकामाचा माणूस. मुंबईत नोकरी करत असताना मी कितीतरी वर्षे चर्चगेटला उतरत होते. हे नाव ज्या चर्चवरून पडले ते 1718 साली उपासनेसाठी खुले झालेले संत थॉमसचे चर्च आहे, हे मला माहीत होते, आणि शहराचे जुने मैलाचे दगड त्याच्यापासून मोजले गेले हेही कुठेतरी वाचले होते. ज्याने मोजून, चाचपून घेतल्याशिवाय मानले नाही त्याच्या दारापासून शहराने आपली अंतरे मोजावीत, हे मला बर्लिनमध्ये उभी असताना पहिल्यांदा जाणवले.

संग्रहालय बंद होण्याची वेळ झाली तेव्हा मी शेवटचे त्या फलकाकडे वळले. प्रकाश इतका बेताचा असतो की बारकावे पाहायला फार जवळ जावे लागते. नाक काचेला लागेल इतकी मी वाकले, आणि त्या तिरप्या उजेडात काचेवर काहीतरी चमकले. थोमाचे बोट जिथे जखमेला भिडते, बरोबर त्याच उंचीवर, काचेवर बोटांचे ठसे होते. एक-दोन नव्हते, बरेच होते, एकमेकांवर पडलेले, लहान आणि मोठे.